पोरगी द्यावी असं शहर

दोष अण्णांचा. आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटी कुणी विचारायला नको. गज्याचा दोष नाही. गज्याबद्दल माझ्या पोटात फक्त जळजळ आहे. जळजळ वेगळी, दोष वेगळा. अण्णा म्हणजे माझे थोरले चुलते. ग्रामसेवक म्हणून रिटायर झाले, पेन्शन घेतात आणि उरलेल्या वेळात लोकांना शहाणं करतात.

हिंगोलीत बसस्टँडच्या मागच्या गल्लीत अण्णांचा एक गाळा होता. मी नांदेडला इंजिनिअरिंग दुसऱ्या वर्षात सोडून घरी आलो, तेव्हा 'पोरगं मोकाट फिरू नये' म्हणून अण्णांनी तिथं सायबर कॅफे टाकून दिला. प्लायवूडच्या केबिनी, जुने कॉम्प्युटर, एक रडका यूपीएस आणि दारात खुर्ची टाकून अण्णा! असल्या जागी किस्से पंख्याच्या पात्यावरच्या धुळीसारखे साचतात. कुणी मुद्दाम टाकत नाही. पण एक दिवस बटण दाबलं की सगळी धूळ तोंडावर.

आज मी बटण दाबतोय.

* * *

केतन सर पुण्याचे. कुणाच्या तरी लग्नाला हिंगोलीत आले आणि मेल बघायला कॅफेत शिरले. मी आणि गज्या तेव्हा रिकामे बसून स्वित्झर्लंडचे फोटो बघत होतो. गज्या म्हणजे गजानन, आखाडा बाळापूरचा. घरची बागायती, गळ्यात चेन, आणि बारावीला माझ्या मागं बसला म्हणून पास झालेला.

केतन सरांनी आमच्या स्क्रीनकडं पाहिलं आणि विचारलं, "शहरांची माहिती काढायला आवडेल का?"

त्यांची कंपनी फॉरेनच्या लोकांसाठी शहरांची गाईडं बनवायची. काही लोक कंपनीच्या बदलीवर परदेशात जातात, त्यांना राहायची माहिती लागते. आणि आता म्हणे एक नवीनच जमात निघालीय. लॅपटॉप घेऊन जगात कुठंही बसतात आणि तिथून काम करतात. ऑफिस नाही, हजेरी नाही.

"मंग त्यांची बदली कोन करतं?" गज्यानं विचारलं.

"कुणीच नाही. कुठं राहायचं ते त्यांचं तेच ठरवतात."

दारातली खुर्ची करकरली. जन्मभर सेनगाव, कळमनुरी, औंढा, वसमत असं फेकलं गेलेलं माणूस ते! अण्णा वळून म्हणाले, "सोताची बदली सोताच? अन् अर्ज कुनाकडं करतेत?"

सगळे हसले. मी नाही हसलो. मला त्या न पाहिलेल्या माणसांचा असा हेवा वाटला, की तोंड कडू झालं. आपण बाजारात वांगी दाबून बघतो तशी ही माणसं शहरं दाबून बघतात! आणि आम्हाला परभणीला जायचं तर घरी चार जणांना कारण सांगावं लागतं.

केतन सर जाता जाता म्हणाले, "काम जमलं तर पुढंमागं तुमच्यातल्या एकाला आम्ही तिकडंच ठेवू. कुठल्यातरी शहरात बसून लिहायला."

एकाला! मी दुसऱ्या दिवशी पासपोर्टच्या मागं लागलो. गज्याचं रेशनकार्डसुद्धा बापाच्या कपाटात होतं.

* * *

पहिलं शहर लिस्बन. मी जीव ओतला. टेकड्या, पिवळ्या ट्राम, नदीवरचा उजेड, सगळं इंग्रजीत सजवून लिहिलं. मग अण्णांनी मराठीत वाचून दाखवायला लावलं. कॅफे त्यांचा, खुर्ची त्यांची, म्हणून अक्कलही त्यांचीच चालायची.

ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ह्ये तर पोराच्या बापानं सांगितल्यासारखं हाय. पोरगा निर्व्यसनी, घर दुमजली, दारात मोटारसायकल! मिल्या, ह्याच्यावर इस्वास ठिवून तू पोरगी देशील का?"

अण्णा आमच्या समाजात सोयरिकी जुळवायचे. त्यांचा एक ठरलेला क्रम होता. मुलाचं गाव बघायला गेलं, की आधी आडावर जायचं. बाया पाणी भरताना काय बोलतात ते ऐकायचं. मग पारावर बसायचं आणि म्हाताऱ्यांना बिडी द्यायची. घरी जायचं सगळ्यात शेवटी.

"घर खोटं बोलतं," अण्णा म्हणाले. "आड न्हाई बोलत."

मी चिडून विचारलं, "लिस्बनला आड कुठून आणू?"

"शोध की! कालेज सोडून आल्यावर कशाला बसला हायस हितं?"

हे 'कालेज सोडून' अण्णा भाकरीबरोबर कांदा खावा तसं प्रत्येक वाक्याबरोबर खायचे.

पण सापडला आड! पर्यटनाची वेबसाइट म्हणजे घर, तिथं सगळं गोड. तिथं राहणाऱ्या परदेशी लोकांच्या गप्पांचे फोरम म्हणजे पार. आणि तिथल्या इंग्रजी पेपरात लोक नगरपालिकेच्या नावानं बोंब मारतात, तो आड. त्या पेपरांतून आणि फोरमांवरून कळलं, की लिस्बनची जुनी घरं हिवाळ्यात आतून ओल धरतात. कपडे वाळत नाहीत, भिंतीवर बुरशी चढते. पर्यटनाच्या पानावर ओलीचा 'ओ' नव्हता.

केतन सरांचा मेल आला: "हे कसं शोधलंत? ब्रिलियंट!"

मी आड, पार, घर हे सगळं, पोरगी देण्याच्या प्रश्नासकट, सरांना कळवलं आणि मेल अण्णांना वाचून दाखवला. म्हणाले, "त्येच्यात काय येवढं. आड बोलला."

* * *

पुढं चियांग माई. थायलंडमधलं शहर, लॅपटॉपवाल्यांचं लाडकं. फोरमवर लोक लिहीत होते, की मार्चमध्ये घसा धरतो, डोंगर दिसेनासा होतो, डोळे चुरचुरतात. का, ते मला उमगेना. मी कारखाने शोधले, मोटारींची गर्दी शोधली, हवेचे नकाशे शोधले. दोन दिवस डोळे फोडले.

गज्या दुपारी बाळापूरहून आला, हेल्मेट टेबलावर आदळलं आणि माझ्या खांद्यावरून वाचलं. "मार्चात व्हय? धसकटं पेटवत असतेल की लेका!"

बराबर निघालं! सुगी झाल्यावर तिथले शेतकरी रान पेटवतात. गज्यानं त्याच्या इंग्रजीत एकच ओळ लिहिली: 'In March farmer fires the land, don't come.' मी त्याच्याखाली दोन पानं हवामान लिहिलं.

केतन सरांनी माझी दोन्ही पानं उडवली आणि गज्याची ओळ ठेवली. वर मेल केला: "गजानन, वंडरफुल इन्साइट!"

दुसऱ्या दिवशी गज्या काळा गॉगल लावून आला. कॅफेत, प्लायवूडच्या केबिनीत, गॉगल!

* * *

हा किस्सा लाईटचा. पूर्व युरोपातल्या एका गावाची माहिती मीच काढली होती. पेपर चाळले, तक्रारी वाचल्या. लाईट वर्षातून दोन-चार वेळा जायची, तीही थोडा वेळ. मी ठोकून लिहिलं: 'वीज उत्तम. खंड पडत नाही.' त्या वेळी हिंगोलीत अर्धा अर्धा दिवस लोडशेडिंग असायचं. मी दुसरं काय लिहिणार?

एका अमेरिकन बाईनं आमचं गाईड वाचून तिथं घर घेतलं. एक दिवस तिची मीटिंग चालू असताना लाईट गेली. ती भडकली. तिनं कंपनीला लांबलचक मेल लिहिला आणि केतन सरांनी तो आम्हाला पाठवला, वर स्वतःच्या चार ओळी जोडून. मी मोठ्यानं वाचायला लागलो. "तुमचे संशोधक कोणत्या ग्रहावर राहतात? ज्या शहरात वीस मिनिटं वीज नसते, ते शहर..."

आणि आमची लाईट गेली. यूपीएस दोनदा किंचाळला आणि तोही मेला.

बाईच्या उरलेल्या शिव्या आम्ही संध्याकाळी वाचल्या!

अण्णांना त्या बाईची तकलीफ शेवटपर्यंत कळली नाही. "वीस मिनिटं?" ते प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचे, "वीस मिनिटात तर आपला लाईनमन चा बी पीत न्हाई!"

* * *

एक प्रश्न मात्र अण्णांनी आमच्या प्रत्येक शहराला विचारला. पाणी, दवाखाना, रस्ता झाला की शेवटी, "नाव सांगितल्यावर घर भेटतं का तिथं?"

गज्याला प्रश्नच कळला नाही. बाळापुरात त्याचं आडनाव सांगितलं की लोक खुर्ची पुढं करतात. मला कळला, पण वाटलं, म्हाताऱ्यानं आपलं जुनं गाठोडं पार लिस्बनपर्यंत कशाला न्यावं!

अण्णांनी सांगितलं. नोकरीला नवीन लागले तेव्हा एका गावी बदली झाली. रूम बघितली, मालकानं चहा पाजला, किल्ली हातात ठेवली. मग विचारलं, "आडनाव काय म्हनलात?" अण्णांनी सांगितलं. मालक म्हणाला, "अरारा, इसरलोच की! आमचे पाव्हणे येनार हायेत र्‍हायला." किल्ली परत. दुसऱ्या घरी गेले, तिथंही पाव्हणे. तिसऱ्या घरीही.

"आख्ख्या गावात पाव्हणेच येऊन राहिले होते," अण्णा म्हणाले. "येवढे पाव्हणे, मला वाटलं जत्राच हाय. मी वर्षभर ग्रामपंचायतीच्या गोदामात झोपलो, टीसीएलच्या पोत्यांवर. अजून नाकातून ब्लिचिंगचा वास जात न्हाई."

मग मी मुकाट शोधायला बसलो. आणि सापडत गेलं! युरोपातल्या एका भल्यामोठ्या शहराच्या फोरमवर एक नायजेरियन माणूस लिहीत होता. फोनवर घर रिकामं, दारात गेलं की नुकतंच गेलं. एक सिरियन पोरगी लिहीत होती. मालकिणीनं घर दाखवलं, नाव विचारलं, आणि मग तिला आठवलं की भाची शिकायला येणार आहे.

मी अण्णांना मराठीत सांगितलं. ते मग खुर्चीवरून उठता उठता म्हणाले,

"तिथं बी पाव्हणेच येऊन राहिले म्हना की!"

तो प्रश्न कंपनीनं सगळ्या गाईडांत कायमचा घातला. 'परक्या नावाला घर मिळतं का?' असा वेगळा भागच झाला. ज्यांना खरंच लागत होता, त्यांनी कंपनीला आभाराचे मेल पाठवले. त्या महिन्यात मेल धाडायचं काम गज्याकडं होतं, म्हणून पुण्यात सगळ्यांना वाटलं की कल्पना गज्याची!

मी गज्याला म्हटलं, "सांग की त्यांना."

"सांगतो की," म्हणाला. गॉगल पुसत होता.

* * *

आता शोभाताईचा किस्सा, कारण तो सांगितल्याशिवाय पुढचा कळणार नाही. शोभाताई अण्णांची मुलगी. हट्ट्याहून तिच्यासाठी स्थळ आलं. मुलगा मास्तर, घर चांगलं, पसंती झाली. मुलाच्या मामानं जाता जाता रीत म्हणून विचारलं, "बाकी समदं ठीक हाय न्हवं?"

दुसरा कुणीही बाप 'व्हय' म्हणाला असता. अण्णा म्हणाले, "पोरगी गुनी हाय. पन तिला दमा हाय. थंडीत लई तरास होतो. रात रात उशाला बसावं लागतं."

पोह्यांची ताटली घेऊन काकू दारातच थिजली. पाहुणे निघून गेले. पुन्हा आले नाहीत. काकूनं घर डोक्यावर घेतलं. "चौकशीला आलेला मानूस कोर्टात आलाय का? काहून सांगायचं सोताच्या लेकराचं?"

"चौकशीला आलेल्याला खोटं सांगनं म्हंजी कुनाचं तरी लेकरू आडात ढकलनं," अण्णा म्हणाले. "आपलं असू का परक्याचं."

मला वाटलं, चला, म्हातारा एकदाचा तोंडघशी पडला! कसला पडतो. ही गोष्ट गावोगाव झाली, आणि नरसीहून एक डॉक्टर मुलगा आईबापासकट हजर! त्याचा बाप म्हणाला, "जो मानूस सोताच्या पोरीचं खरं सांगतो, त्याच्याच घरची सून पायजे."

शोभाताई सुखात आहे. दम्याला घरचाच डॉक्टर आहे. आणि त्या दिवसापासून अण्णांचं खरं बोलणं वायसर गेलेल्या नळासारखं सुटलं, बंदच होईना.

* * *

शेवटचा हा.

कंपनीचं ठरलं. लिस्बनला एक माणूस ठेवायचा. जायला मी किंवा गज्या. दुसऱ्या कुणाचं नावच नव्हतं.

लिस्बन माझं होतं. त्या शहरातली कुठली गल्ली चढाची, कुठं भाजी ताजी मिळते, कोणत्या भागात ओल जास्त, कुठला घरमालक परक्या नावाला घर देतो, हे मला हिंगोलीत बसून पाठ होतं. गज्याला लिस्बन कुठल्या देशात आहे ते दोनदा सांगावं लागायचं. पासपोर्ट माझ्याकडं होता. मी आईला सांगून टाकलं होतं. तिनं शेजारच्या बायांना सांगितलं होतं. स्वेटरची लोकरसुद्धा आली होती.

दुपारची वेळ. मी आतल्या केबिनीत बसून लिस्बनच्याच थंडीचं वाचत होतो. बाहेर केतन सरांचा आवाज आला. फोन नाही, मेल नाही, अचानक!

"अण्णा, तुमचीच पद्धत वापरली बरं का," ते हसत होते. "सकाळपासून हिंगोलीत आहे. आधी स्टँडवरच्या हॉटेलात चहा घेतला. मग वडाखाली बसलो. मग बाळापूरला गजाननच्या वडिलांकडं जाऊन आलो. तुमच्याकडं शेवटी."

"आड, पार, घर," अण्णा म्हणाले. आवाजात अशी धन्यता, जणू नातू पाढे म्हणतोय. "मंग, काय म्हनला आड?"

"मिलिंद हुशार म्हणतात. पण तोंडाचा तिखट म्हणतात."

"अन् बाळापूर?"

"गजाननचे वडील म्हणाले, आमचा गजानन म्हणजे सोनं! त्याला पोर्तुगीजसुद्धा येतं म्हणाले."

अण्णा खळखळून हसले. मीही आत हसलो. गज्याला पोर्तुगीज! संपला गज्या. खोटं बोलून बापानंच घालवलं त्याचं.

"म्हणून तुमच्याकडं आलो," केतन सर म्हणाले. "तुम्ही खोटं बोलत नाही, हे सगळं गाव सांगतं. मिलिंद तुमचा पुतण्या आहे, तरी विचारतो. पाठवू का त्याला?"

मी केबिनीच्या फटीला कान लावला.

"पोरगं हुशार हाय," अण्णा म्हणाले. "शहराचं त्याच्यायेवढं कुनाला कळत न्हाई. समदं काम त्येचंच हाय. गज्याच्या नावावर गेलं, ते बी त्येचंच."

वाटलं, बाहेर जाऊन म्हाताऱ्याच्या पाया पडावं.

"पन टिकत न्हाई कुठं," अण्णा म्हणाले. "कालेज सोडलं. त्याच्या आदी हास्टेल सोडलं. कुनी वाकडं बोललं की उठून चालायला लागतं. तुमी त्याला येवढ्या लांब ठिवताल, अन् तिथला सायेब एक शब्द बोलला, की ह्ये इमानात बसून माघारी. मंग तुमची तकलीफ."

"आणि गजानन?"

"गज्याला अक्कल कमी हाय. पन जिथं बसवताल तिथं बसून राहतं पोरगं."

केतन सरांनी लिस्बनच्या वेळचा अण्णांचाच प्रश्न अण्णांना विचारला.

"मग, पोरगी द्यावी का अण्णा?"

"माझं लेकरू हाय म्हनून सांगतो," अण्णा म्हणाले. "नका दिऊ."

मी केबिनीच्या दाराला लाथ मारली. प्लायवूड बिजागरीतून निघून आडवं झालं. मी बाहेर आलो आणि दोघांना काय काय बोललो ते इथं छापता येणार नाही. माऊस फेकला. तुमचं काम नको, कॅफे नको, लिस्बन खड्ड्यात घाला म्हटलं, आणि चपला न घालताच रस्त्यावर उतरलो.

मागून अण्णांचा आवाज आला. शांत, केतन सरांना उद्देशून.

"बगा."

गजानन लिस्बनला गेला. माझं ते शहर गेलं, काम गेलं, आणि मी हिंगोलीत आहे.